ओर्विएतोची विहीर

नमस्कार श्रोतेहो.

इटलीतल्या ओर्विएतोला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा हाताशी जेमतेम तीन तास होते. कॅथीड्रलची दर्शनी भिंत मान अवघडेपर्यंत पाहिली आणि परतीची गाडी गाठायला धावले. वाटेत एका विहिरीची पाटी दिसली होती. 'पुढच्या वेळी' म्हटलं. ती वेळ यायला अकरा वर्षं गेली. या खेपेला एक रात्र मुक्काम केला आणि आधी विहिरीकडेच वळले.

रोमहून आगगाडीनं सव्वा तासावर हे गाव. स्टेशन खाली, गाव वर. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकाचा उभा कडा, आणि त्याच्या माथ्यावर अख्खं शहर वसलेलं. स्टेशनासमोरून दोरानं ओढला जाणारा डबा वर नेऊन सोडतो. शत्रूला चढायला अवघड अशी ही जागा, पण वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं? तिथल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या हीच काळजी होती.

१५२७ साली रोम लुटलं गेलं. पोप सातवे क्लेमेंट जीव वाचवून ओर्विएतोत आले आणि त्यांनी आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराला विहीर खणायला सांगितलं. ती पुरी झाली १५३७ साली. तोवर क्लेमेंट हयात नव्हते.

विहीर त्रेपन्न मीटर खोल आणि तेरा मीटर रुंद आहे. आत दोन जिने एकमेकांभोवती वेटोळे घेत खाली जातात, पण कुठंही एकमेकांना मिळत नाहीत. पाणी आणायला खेचरं जात, ती एका जिन्यानं उतरायची, तळाशी पूल ओलांडायची आणि लादलेलं पाणी घेऊन दुसऱ्या जिन्यानं वर यायची. चढणारं आणि उतरणारं जनावर समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही. किती साधं, आणि किती विचार करून केलेलं! पायऱ्याही खेचराच्या चालीच्या आहेत, रुंद आणि बुटक्या. प्रत्येक जिन्याला दोनशे अठ्ठेचाळीस.

भिंतीत सत्तरएक खिडक्या आहेत. त्यांतून मधल्या पोकळीत डोकावता येतं. मी अर्ध्यावर थांबले. पलीकडच्या खिडकीत एक बाई लेकराचा हात धरून वर चालली होती. आमच्यामध्ये हाकेचंसुद्धा अंतर नव्हतं, पण आमच्या वाटा वेगळ्या. खाली गारवा वाढत गेला, भिंतीला ओल आली. पुलावर उभं राहून वर पाहिलं, तर आभाळ ताटलीएवढं.

या गावाच्या पोटात बाराशेहून अधिक गुहा आहेत. काहींच्या भिंतींत कबुतरांसाठी ओळीनं खोबण्या कोरल्या आहेत. कबुतरं पाळायची ती खाण्यासाठी. वरच्या रस्त्यांवरून हिंडताना यातलं काही कळत नाही, म्हणून सांगते, ओर्विएतोला गेलात तर खाली उतराच.

वर आले आणि मग कॅथीड्रल. १२९० साली काम सुरू झालेलं, काळ्या-पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांचं. आतल्या एका चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीनं मेलेल्यांचं पुन्हा उठणं रंगवलंय. फिकट पांढरी जमीन, आणि तिच्यातून माणसं वर येताहेत. कुणाचं नुसतं डोकं बाहेर आलंय. कुणी दोन्ही तळवे जमिनीवर रेटून उरलेलं अंग ओढून काढतोय. मागच्या वेळी घाईत हे चित्र मी पाहिलंच नव्हतं. आता मांड्यांत विहिरीचा चढ ठणकत होता, आणि त्या तळव्यांवरून माझी नजर हलेना.