जांभ्यातली एक ओळ

(दृश्य: हरवळेची गुंफा, सकाळचा उजेड)

गोव्यात साखळीजवळ, हरवळेच्या धबधब्याच्या वाटेवर ही गुंफा लागते. गावात विचारलंत तर ‘पांडवांची’ म्हणूनच दाखवतील. काही अभ्यासक ती मूळची बौद्ध मानतात, काही शैव. आज आत शिवलिंगं आहेत, आणि त्यातल्या एकावर साधारण सातव्या शतकातली ब्राह्मी अक्षरं: ‘सांबलूरवासी रविः’. सांबलूरला राहणारा रवी. बस्स, एवढंच.

इतकं कमी का? इथला डोंगर जांभ्याचा. जांभा भोकाभोकांचा, पावसात झिजणारा. त्यावर बारीक अक्षर टिकायचं कसं? गोव्याचा बुद्ध त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी भेटतो. इतिहास संशोधक फादर हेरास यांना 1930 मध्ये कोलवाळला सापडलेली बुद्धमूर्ती आज मुंबईत आहे. भोज घराण्यातला राजा असंकितवर्मन याने आर्यसंघाला, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या संघाला, गाव दिल्याचा ताम्रपट मिळाला तो हिरेगुत्तीला, म्हणजे आजच्या कर्नाटकात.

(दृश्य: कान्हेरी, कातळावरचा लेख)

दगडावरचं अक्षर पोटभर पाहायचं तर मुंबईची कान्हेरी लेणी गाठावीत. इथला काळा कातळ अक्षर धरून ठेवतो. लेखच शंभराच्या घरात. राजांपेक्षा मला यातले साधे दाते जवळचे वाटतात: कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी, भिक्षू, भिक्षुणी. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याची ‘पोढी’. पोढी म्हणजे टाकं, लेणी पाहणारे अजून हाच शब्द वापरतात, आणि ‘लेण’ हा शब्दही या लेखांमधलाच.

विजेरी समोरून मारू नका, बाजूने तिरकी धरा. खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि पुसट लेख उठून येतो. खडू मात्र अजिबात भरू नका. अक्षराची कड त्यानेच जाते.

(दृश्य: एकच अक्षर, अगदी जवळून)

हे पाहा, ‘सेठि’ या शब्दातला ‘ठ’. नुसतं एक वर्तुळ. छिन्नी सरळ रेघेत चालते, कातळात गोल फिरवायची तर टोल हलके आणि जवळजवळ द्यावे लागतात. कारागिराने ते इतकं नीट फिरवलंय की सुरुवात कुठून केली ते कळत नाही. त्या वर्तुळावर नंतर शिरोरेघ आली, मध्ये दांडी आली, आपला ‘ठ’ झाला.

आणि सेठि? फोंड्याच्या बाजारात सोनाराच्या पेढीवर आपण ज्यांना हाक मारतो, ते शेट.