खाज नसलेली खरूज

नमस्कार श्रोतेहो.

खरूज म्हटलं की आठवते ती खाज. रात्री अंथरुणात शिरलं की वाढणारी. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती. पण ज्यांचं किडनीचं किंवा लिव्हरचं ट्रान्सप्लांट झालंय, त्यांना खरूज होऊनही खाज कमीच सुटते, कधी तर मुळीच नाही.

असं का? खरजेचा किडा जेमतेम अर्धा मिलिमीटरही नसतो. मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. खाज येते ती त्या किड्यावर, त्याच्या अंड्यांवर, विष्ठेवर आपली प्रतिकारशक्ती चवताळते म्हणून. नवा अवयव शरीरानं नाकारू नये यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन या गोळ्या नेमकी तीच शक्ती दाबून ठेवतात. मग किड्यांना रान मोकळं. धडधाकट माणसाच्या अंगावर दहा-पंधरा किडे असतात, इथे ते हजारोंनी, लाखोंनी वाढतात. तळहातांवर, कोपरांवर, नखांखाली, अगदी डोक्यातसुद्धा भिंतीच्या पोपड्यांसारख्या जाड खपल्या धरतात. नॉर्वेतल्या डॅनियलसन आणि बोएक या डॉक्टरांनी १८४८ मध्ये हा प्रकार कुष्ठरुग्णांमध्ये नोंदवला होता.

या खपल्या सोरायसिस किंवा इसब वाटतात. मग मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम येतं. आपल्याकडे ते किती सहज मिळतं, ते काय सांगायचं! त्यानं लाली उतरते आणि किडे आणखी फोफावतात. खपल्यांच्या भेगांतून जंतू रक्तात गेले, तर जिवावर बेततं. खरं तर खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बहुधा निदान होतं.

उपचार आहेत. परमेथ्रिनचं मलम, सोबत आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, ठरलेल्या दिवशी, पुन्हा पुन्हा. एका डोसावर भागत नाही. ट्रान्सप्लांटच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका, अवयव जाईल. त्वचेच्या डॉक्टरांनी आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं ते.

घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी मलम लावायचं, खाज असो वा नसो. चादरी, टॉवेल, कपडे कडक गरम पाण्यात धुवायचे. धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचं.

आणि तपासणीला जाल तेव्हा घरात आणखी कोणाला खाजतंय का, ते डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. पेशंट शांत झोपतो आणि बायको, मुलं, सून रात्रभर खाजवत बसतात, असंही होतं.