शेवटच्या नळाचं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

आज नळाच्या पाण्याबद्दल बोलायचं आहे, आणि तेही लहान शहराच्या नळाबद्दल. मोठ्या शहराच्या पाण्यामागे प्रयोगशाळा असते, पाळीपाळीने काम करणारे रसायनतज्ज्ञ असतात, एक यंत्र बंद पडलं तर दुसरं तयार असतं. पाच-दहा हजार वस्तीच्या शहराचं पाणी बहुतेक वेळा एका-दोघांच्या हातात असतं. पंप सुरू करणारा तोच, व्हॉल्व्ह फिरवणारा तोच, क्लोरीन किती सोडायचं ते ठरवणारा तोच आणि दिवसाअखेर वहीत आकडे लिहिणाराही तोच. पाणी तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. त्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. त्या वहीतला आकडा खरा असला पाहिजे, आणि तो गावाला दिसला पाहिजे. एवढं जिथे होत नाही, तिथल्या कितीही चांगल्या यंत्रसामग्रीवर माझा भरवसा बसत नाही.

असं का म्हणतो ते सांगतो.

कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं शहर आहे. वस्ती साधारण पाच हजार, भोवती शेती आणि गुरं, पिण्याचं पाणी विहिरींचं. मे २००० मध्ये तिथे काही दिवस जोराचा पाऊस लागला. पाच नंबरची विहीर उथळ होती. जवळच्या शेतात शेणखत टाकलेलं होतं, आणि त्यातले जंतू पावसाच्या पाण्याबरोबर झिरपत विहिरीत उतरले. त्या शेतकऱ्याने काही गैर केलं नव्हतं, खत नीट पद्धतीनेच टाकलं होतं, हे पुढे चौकशीत स्पष्ट झालं. खरं तर जंतू विहिरीत आले तरी क्लोरीनने मरायला हवे होते. पण क्लोरीन पुरेसं पडतच नव्हतं. वहीत मात्र दररोजचे क्लोरीनचे आकडे होते, लिटरमागे ०.५, ०.७५ मिलिग्रॅम असे. ते मोजून लिहिलेले नव्हते, अंदाजाने भरलेले होते.

१७ मे रोजी प्रयोगशाळेचा अहवाल पाणी खात्याकडे आला, त्यात पाणी दूषित असल्याचं स्पष्ट होतं. तो आरोग्य खात्याला कळवण्याचं कायद्याचं बंधन त्या खासगी प्रयोगशाळेवर तेव्हा नव्हतं, म्हणून तो तिकडे गेलाच नाही. इकडे मुलं आजारी पडू लागली. एका बालरोगतज्ज्ञाकडे दोन मुलं रक्ताच्या जुलाबांनी आली, तेव्हा पहिल्यांदा पाण्याचा संशय घेतला गेला. आरोग्य खात्याने पाणी खात्याला विचारलं, तर उत्तर आलं की पाणी ठीक आहे. शेवटी २१ मे रोजी आरोग्य खात्याने आपल्या जबाबदारीवर पाणी उकळून पिण्याची सूचना काढली. तोवर घराघरात ते पाणी पिऊन झालं होतं. २,३०० हून अधिक माणसं आजारी पडली आणि ७ जण दगावले.

या प्रकरणातली एक गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते. पाणी सोडणाऱ्या त्या माणसांच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं. विहिरीचं, क्लोरीन न घातलेलं पाणी ते स्वतः पीत असत. आपलं पाणी मुळातच चांगलं आहे अशी त्यांची खात्री होती. त्यात लोक क्लोरीनच्या वासाची तक्रार करत, म्हणून मात्रा कमी ठेवली जाई. चौकशी करणारे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी अहवालात म्हटलं की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती, तर ही साथ टळली असती. ती यंत्रं काही दुर्मीळ नव्हती, तेव्हाही बाजारात मिळत होती.

सोळा वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, न्यूझीलंडमधल्या हॅवलॉक नॉर्थ या सुमारे १४,००० वस्तीच्या गावात जवळपास तसंच घडलं. पुन्हा मोठा पाऊस, पुन्हा जवळच्या कुरणातली विष्ठा, इथे मेंढ्यांची, आणि पुन्हा जमिनीखालचं पाणी शुद्धच असतं हा विश्वास. तिथे तर पाण्यात क्लोरीन घालतच नव्हते. ५,००० हून अधिक लोक आजारी पडले.

आता तो आकडा नेमका कसला, ते पाहू. पाण्यात क्लोरीन घातलं की त्यातलं काही जंतू मारण्यात खर्च होतं, काही माती आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याशी झटापट करण्यात संपतं. हे सगळं होऊन जे शिल्लक राहतं त्याला शेष क्लोरीन म्हणतात. माझ्या दृष्टीने पाण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. ते पाण्याबरोबर नळातून प्रवास करतं आणि वाटेत कुठे घाण मिसळली तर तिच्याशी लढतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की क्लोरीन घातल्यावर पाणी किमान अर्धा तास मुरू द्यावं, त्यानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम शेष क्लोरीन असावं आणि ग्राहकाच्या नळापर्यंत पोचताना निदान ०.२ मिलिग्रॅम उरावं. हजार लिटरच्या टाकीचा हिशेब केला तर हे ०.२ म्हणजे फक्त २०० मिलिग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही. एवढ्याशा क्लोरीनवर घरातल्या लहान मुलाची तब्येत अवलंबून असते.

हा आकडा टाकीजवळ मोजून फारसं काही कळत नाही. टाकीजवळ तो बहुधा चांगलाच येतो. मोजायचा तो जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला, जिथे पाणी सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कमी दाबाने पोचतं. त्या शेवटच्या नळाला ०.२ मिळालं तर वाटेवरच्या बाकीच्या घरांची फारशी काळजी नसते. दुर्दैवाने शेवटच्या टोकाला सहसा ज्यांचं कुणी ऐकत नाही अशीच माणसं राहतात. नमुना त्यांच्या दारातून घेतला जावा असा आग्रह मी आयुष्यभर धरत आलो.

कुणी म्हणेल, पाणी महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत जातं, जंतूंची तपासणी होते, मग रोजच्या आकड्याची काय गरज? प्रयोगशाळेची तपासणी हवीच. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही सापडू नये, हा नियम योग्यच आहे. पण त्या तपासणीत नमुना उबदार पेटीत ठेवून जंतू वाढू द्यावे लागतात, त्याला अठरा ते चोवीस तास लागतात, नमुना पोचवायचा वेळ वेगळाच. अहवाल हातात येतो तेव्हा ते पाणी पिऊन झालेलं असतं. क्लोरीनची चाचणी दोन मिनिटांची आहे आणि ती पाणी पिण्याआधी उत्तर देते.

दुसरा आकडा गढूळपणाचा. याबद्दल लोकांमध्ये बराच गैरसमज आहे. पाणी गढूळ दिसलं तर ते नुसतं वाईट दिसतं, तुरटी फिरवली आणि निवळलं की झालं, असं मानलं जातं. पण मातीच्या कणांमागे जंतू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय काही जंतू असे आहेत की ते क्लोरीनला दाद देत नाहीत. अमेरिकेत मिलवॉकी शहरात १९९३ साली क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीने सुमारे चार लाख लोक आजारी पडले. तिथे क्लोरीन व्यवस्थित घातलं जात होतं. गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा त्या दिवसांत वाढला होता, आणि तो वाढलेला आकडाच धोक्याची सूचना होता. असा परजीवी नीट गाळल्याने अडतो.

गाळण्याची ताकद दाखवणारं याहून जुनं आणि ठळक उदाहरण १८९२ सालचं आहे. जर्मनीत एल्ब नदीच्या काठी हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही शहरं अगदी लागून होती. हॅम्बुर्ग नदीचं पाणी न गाळता घरोघर देत असे. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळलेलंच पाणी उचलत असे, पण ते वाळूच्या थरांतून संथपणे गाळून देई. त्या वर्षी कॉलरा आला. हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आल्टोनात त्या मानाने फार थोडी. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी ही तुलना जगापुढे मांडली. जास्त घाण पाणी उचलणारं शहर वाचलं ते वाळूमुळे! मी पहिल्यांदा हे वाचलं त्या दिवशी गाळणीच्या टाकीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. तोवर ती मला नुसती एक कंटाळवाणी टाकी वाटायची, वेळच्या वेळी उलटं पाणी सोडून धुवायची एवढंच.

पाणी शुद्ध होऊन टाकीतून निघालं, की पुढची जोखीम जमिनीखाली असते. जिथे पाणी चोवीस तास असतं तिथे वाहिनीत सतत दाब असतो, त्यामुळे गळतीच्या जागी पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. जिथे दिवसाचे काही तासच पाणी सुटतं तिथे पाणी बंद झाल्यावर वाहिनी रिकामी होते आणि त्याच भोकातून आजूबाजूचा चिखल, गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पुन्हा पाणी सुटलं की तेच आधी नळात येतं. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी पिण्यासाठी भरू नका. ते फेकायचीही गरज नाही, फरशी पुसायला, झाडांना वापरा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. वाहिनीला थेट मोटर लावून पाणी ओढू नका. शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी जातं हे तर आहेच, पण त्या ओढीने वाहिनीतला दाब उणे होतो आणि जिथे जिथे सांधा सैल असेल तिथून गटार आत येतं. एका घरातल्या मोटरने आख्ख्या गल्लीचं पाणी बिघडू शकतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मोटर बंद असताना नमुना स्वच्छ, चालू असताना दूषित, आणि दोन्ही नमुने एकाच नळाचे.

क्लोरीनच्या वासाबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण वॉकर्टनमध्ये त्या तक्रारीचा परिणाम काय झाला ते आपण ऐकलंत. लिटरमागे एक मिलिग्रॅमहून कमी क्लोरीनही अनेकांना जाणवतं. आरोग्याच्या दृष्टीने जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा ५ मिलिग्रॅमची आहे, म्हणजे कितीतरी वर. क्लोरीन आणि पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांपासून काही नको असलेली संयुगं तयार होतात, हेही खरं आहे, आणि त्यावर उपाय क्लोरीन घालण्याआधी पाणी नीट गाळण्याचा आहे. त्या भीतीपोटी क्लोरीनच कमी करू नये, असं हीच संघटना स्पष्टपणे सांगते. वास नको असेल तर पाणी झाकून काही तास ठेवा, वास बराच कमी होतो. तक्रार करायचीच असेल, तर नेहमी येणारा वास अचानक नाहीसा झाला की करा.

उकळण्याविषयी लोक नेहमी विचारतात. पाण्याला खळखळून उकळी फुटली की जंतू मरतात, एक मिनिट पुरे. उंच डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथे तीन मिनिटं द्यावीत. पण उकळण्याने शिसं, नायट्रेट किंवा आर्सेनिक जात नाही. पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण उलट वाढतं. २०१४ साली अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने पाण्याचा स्रोत बदलला, पाण्याने शिशाच्या जुन्या वाहिन्या झिजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही, आणि शिसं थेट नळात उतरलं. तिथे उकळून काहीच उपयोग नव्हता. म्हणून वर्षातून एकदा तरी रासायनिक तपासणीचा अहवाल नगरपालिकेकडे मागा. तो मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि तो द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तीही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

आता उद्या सकाळी करता येईल असं काम सांगतो. क्लोरीन मोजायची छोटी पेटी मिळते, एक काचेची नळी, गोळ्या आणि रंगांची पट्टी. गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक घेतली तरी चालेल. पाणी सुटल्यावर थोडा वेळ जाऊ द्या. मग थेट वाहिनीच्या नळाखाली नळी धरा, घरच्या टाकीतलं पाणी घेऊ नका. खुणेपर्यंत भरा, गोळी टाका, झाकण लावून हलवा. मिनिटभरात गुलाबी रंग येईल. नळीमागे पांढरा कागद धरून दिवसाच्या उजेडात तो पट्टीशी जुळवा. उशीर करू नका, रंग वेळेनुसार बदलतो. आलेला आकडा तारीख, वेळ आणि नळाच्या जागेसह वहीत लिहा. पाणी गुलाबी झालंच नाही, तर त्या दिवशी पाणी उकळून प्या आणि पाणी खात्याला ताबडतोब फोन करा. फोन कुणी घेतला, काय म्हणाला, तेही त्याच पानावर लिहून ठेवा. ती वही घेऊन महिनाअखेर नगरपालिकेत जा आणि त्यांच्या वहीतल्या त्याच तारखांचे आकडे बघायला मागा.

नमस्कार.