सहा महिन्यांचे बाळ डावखुरे नसते

श्रोतेहो, नमस्कार. चवथीला घरी पाहुणे जमले की पाच-सहा महिन्यांचे बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरते, कुणी त्याच्यापुढे बांगड्या वाजवते, आणि कुणीतरी कौतुकाने म्हणते, "डावाच हात पुढे करतो बघा, आजोबांसारखा डावखुरा होणार!" व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणून हे वाक्य ऐकले की मी सावध होते, कारण कोणता हात सरस हे सहसा पहिल्या वाढदिवसाआधी ठरत नाही. त्याआधीच बाळ सतत एका हाताने वस्तू घेत असेल, आणि दुसऱ्या हाताची मूठ चार महिने उलटल्यावरही घट्ट मिटलेली राहत असेल, तर ते सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत राहणाऱ्या दोषाचे, लक्षण असू शकते.

पूर्वी हे निदान बहुधा बाळ एक ते दोन वर्षांचे झाल्यावर होत असे. मेंदूचा एमआरआय, बाळाच्या आपसूक हालचालींचे निरीक्षण आणि मज्जासंस्थेची पद्धतशीर तपासणी एकत्र पाहिल्यास ते सहा महिन्यांच्या आतही करता येते, असे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2017 मध्ये मांडले. निदान पक्के नसले, तरी 'धोका आहे' एवढ्यावर उपचार सुरू करावेत, असेही त्यांनी सांगितले.

ही घाई का, ते सांगते. जन्माच्या सुमारास मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांतून प्रत्येक हाताकडे मज्जातंतूंच्या वाटा गेलेल्या असतात. पुढच्या महिन्यांत ज्या वाटेने वर्दळ होते ती रुंदावते, आणि जिच्यावरून कुणी जात नाही ती पावसाळ्यातल्या काजूच्या डोंगरावरील पायवाटेसारखी बुजत जाते.

स्वीडनमध्ये विकसित झालेल्या एका पद्धतीत बाळाच्या चांगल्या हातावर मऊ मोजा चढवतात आणि दुसऱ्या हाताला खेळायला लावतात: रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे, मग सहा आठवडे विश्रांती आणि पुन्हा सहा आठवडे. खेळवतात आईवडीलच. तज्ज्ञ ठरावीक दिवशी येऊन मार्गदर्शन करतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ही पद्धत बाळाच्या मालीशीशी ताडून पाहिली, तेव्हा मोजावाल्या बाळांचे हात अधिक सुधारले. आपल्याकडे खोबरेल तेलाच्या मालीशीवर घरोघरी फार भिस्त असते. मालीश जरूर करा, पण त्यात हात हलवणारी आजी असते, बाळ नव्हे.

पेडण्याकडच्या एका घरातला प्रसंग सांगते. बाळ आईच्या मांडीवर टेकून बसले होते. समोर पाटावर, मागे पडलेल्या उजव्या हाताच्या बाजूलाच, बारीक दांड्याचा हलका लाकडी खुळखुळा होता. बाळाची नजर त्यावर खिळली, खांदा हलला, मूठ पाटावर आपटली. आजीला राहवेना, तिने खुळखुळा उचलून मुठीत कोंबायला हात पुढे केला. मी तिला थांबवले, आणि खरे सांगायचे तर तिला थांबवणे हाच त्या दिवशीचा माझा सर्वांत अवघड उपचार होता. बऱ्याच वेळाने बाळाचे अंगठ्याजवळचे बोट सुटले, मग दुसरे सुटले, आणि दांडा किंचित सरकून वाजला. त्या आवाजासरशी बाळाने पुन्हा हात टाकला.

मात्र हे ऐकून उद्यापासून मनाने मोजा चढवू नका. चांगला हातही अजून शिकतच असतो. तो किती वेळ झाकायचा, की दोन्ही हातांनी धरायची मोठी खेळणी द्यायची, हे तपासून ठरवावे लागते. बाळ रडू लागले तर खेळ तिथेच थांबवावा.

शंका आल्यास लस द्यायला जाल तेव्हाच आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दोन्ही हात दाखवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. जाताना प्रसूतीच्या वेळचे कागद बरोबर घ्या. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल, तर त्याचे वय मोजताना ते दोन महिने वजा करावे लागतात, आणि चार महिन्यांची मूठ कोणती, हे त्या हिशेबावरच ठरते.