बे दुणे चार : एका जोडाक्षराचे वारस

'बे दुणे चार' ही पाढ्यातली ओळ आपण इतक्या लहानपणी पाठ करतो की तिच्यातली गंमत निसटून जाते. या ओळीत दोन हा आकडा दोनदा येतो, एकदा 'बे' म्हणून आणि एकदा 'दुणे'तला 'दु' म्हणून. दोन्ही रूपं संस्कृतातल्या 'द्व'ची. मग एकात ब आणि दुसऱ्यात द कसा? आजचं व्याख्यान एवढ्याच प्रश्नाभोवती आहे.

'द्व' सावकाश म्हणून पाहा. द साठी जीभ दातांना लागते आणि लगेच व साठी ओठ पुढे येतात. पिढ्यान्पिढ्या बोलताना अशी जोडाक्षरं झिजतात, आणि इथे झीज दोन वाटांनी झाली. एका वाटेवर ओठ जिंकले. व मुळे द सुद्धा ओठांवर ओढला गेला आणि ब उरला. दुसऱ्या वाटेवर मध्ये उ शिरला, 'दुव' झालं, मग व गळाला आणि दु किंवा दो राहिलं.

हे नुसतं कल्पनेनं मांडलेलं नाही, दगडावर कोरलेलं आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने तोच मजकूर ठिकठिकाणच्या बोलींत कोरवला. राजाच्या स्वयंपाकघरासाठी आता रोज दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, असं पहिल्या लेखात आहे. जुनागढजवळ गिरनारला हे 'द्वो मोरा एको मगो' असं आहे, तर डेहराडूनजवळच्या कालसीला तिथे 'दुवे' आहे. तिसऱ्या लेखात 'बारा' येतो, आणि तिथे फरक आणखी उघड होतो. कालसीला 'दुवाडस', वायव्येला शाहबाजगढीला 'बदय', आणि गिरनारला 'द्बादस'. हा 'द्ब' नीट बघा. व चा ब झालाय, पण द अजून गेलेला नाही. बदल अर्ध्या वाटेवर असताना पकडलेला असा नमुना भाषेच्या अभ्यासकाला क्वचितच मिळतो.

त्याच गिरनारच्या परिसरात आज गुजराती माणूस दोनला 'बे' म्हणतो आणि दाराला 'बारणुं'. 'द्वार'चंही तेच झालं, आपल्याकडे मात्र 'दार'. सिंधीतही ब आहे, पण तो हवा आत ओढून उच्चारायचा. बंगाली, नेपाळी 'दुइ', हिंदी 'दो'. सणांतही हेच दिसतं. द्वितीयेची मराठी-गुजरातीत 'बीज' झाली म्हणून भाऊबीज, हिंदीत 'दूज' झाली म्हणून भाईदूज. पेरायच्या बियाण्याशी या 'बीज'चा काही संबंध नाही, तो वेगळा शब्द.

मराठीने मात्र दोन्ही माल घरात ठेवला. दुप्पट, दुहेरी, दुपार (म्हणजे द्विप्रहर) यांत द. आणि बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव या साऱ्या रांगेत एकजात ब. नवल म्हणजे 'दुइ' म्हणणारा बंगालीसुद्धा 'बारो', 'बाइश', 'बत्रिश' असंच मोजतो. संख्यांची ही माळ बहुधा बाजाराच्या बोलीतून अख्खी पसरली असावी, असं मला वाटतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस'बरोबर 'वीस दोन' असं वाचन आलं आणि मोठा वाद झाला. मुलांना सोपं पडत असेल तर पडो, पण त्या वाचनात हा ब दिसेनासा होतो, एवढं खरं.

आता 'दोन'मधला न. संस्कृत 'द्वौ' किंवा 'द्वे'मध्ये तो कुठेच नाही. तो शेजाऱ्याकडून आला. 'त्रीणि'चं प्राकृतात 'तिण्णि' झालं, आणि एक-दोन-तीन ओळीनं म्हणताना तिण्णिच्या चालीवर 'दोण्णि' घडलं. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातल्या प्राकृत व्याकरणात दुवे, दोण्णि, वेण्णि अशी रूपं शेजारी-शेजारी आहेत. मराठी आणि कोकणीने न ठेवला, हिंदीने तीनला ठेवला आणि दोला नाही.

भारताबाहेरच्या, पण संस्कृतच्याच कुळातल्या भाषांतही ओठांनी अशीच बाजी मारलेली दिसते. लॅटिनमध्ये दोन म्हणजे 'दुओ', पण 'दोनदा' हे जुन्या 'दुइस'चं 'बिस' झालं, युद्ध हे 'दुएल्लुम'चं 'बेल्लुम'. 'दुओ'मध्ये उ पूर्ण स्वर होता, म्हणून तिथे द टिकला. इंग्रजी-जर्मनच्या शाखेत द चा त झाला आणि जर्मनने पुढे त्स केला, म्हणून 'टू' आणि 'त्स्वाय'. तेच नातं दहा, 'टेन', 'त्सेन' आणि दात, 'टूथ', 'त्सान' यांत मिळतं. इंग्रजी 'टू'तला व उच्चारातून गेला, लिखाणात राहिला. 'ट्वेल्व्ह', 'ट्वेंटी', 'ट्विन'मध्ये तो अजून ऐकू येतो.

सगळ्यांत अवघड सोंग अर्मेनियनचं. तिथे दोन म्हणजे 'एर्कु'. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी दाखवलं की मूळच्या 'द्व'चं अर्मेनियनमध्ये 'र्क' होतं, आणि शब्दारंभी र चालत नसल्याने पुढे ए येतो. पुरावा एका शब्दाचा नाही. अर्मेनियन 'एर्कार' म्हणजे लांब, त्याचा ग्रीक भाऊबंद 'देरोस', दीर्घकाळ टिकणारा. 'एर्किउघ' म्हणजे भय, ग्रीकमध्ये 'देओस'. तिन्ही ठिकाणी तोच बदल, म्हणून तो नियम.

घोळ होतो तो कानावर भरवसा ठेवल्याने. 'एर्कु' कन्नड 'एरडु'सारखा वाटतो, पण कन्नड शब्द तमिळ 'इरंडु', तेलुगू 'रेंडु' यांच्या कुळातला. 'बेइमान', 'बेपत्ता'तला बे फारसी, अर्थ 'वाचून'. उलट 'दुतर्फा' आणि 'दुबार पेरणी'तला दु फारसीतून आला असला तरी नात्यातलाच, कारण फारसी 'दो' त्याच मुळातला. आणि मलय भाषेतला 'दुआ', म्हणजे दोन, तर लॅटिन 'दुओ'चा जुळा भाऊ वाटतो. तिथे त्याचे सख्खे शेजारी तपासायचे. हवाईत 'लुआ', माओरीत 'रुआ', मादागास्करच्या मलागासीत 'रुआ'. हे घराणंच निराळं, आणि त्यातल्या द-ल-रच्या अदलाबदलीला 'द्व'शी काही देणंघेणं नाही.