चौथ्या सीटवरचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

1988 च्या जूनमध्ये मी गोदीत कारकून म्हणून लागलो आणि डोंबिवलीहून सात बावन्नची फास्ट धरायला लागलो. पहिले तीन आठवडे दारात लोंबकळत गेले. आत, खिडकीच्या अंगाला, आठ-दहा जणांचा एक ग्रुप बसायचा. त्यातले निम्मे कल्याणहून बसून आलेले, काही जण डोंबिवलीहून डाऊन करून, म्हणजे जागा मिळावी म्हणून आधी उलट कल्याणला जाऊन, आलेले. मांडीवर ब्रीफकेस, ब्रीफकेसवर पत्ते. आणि त्यांचे नियम! कुठे लिहिलेले नव्हते, पण रेल्वेच्या नियमांपेक्षा कडक होते. बसून आलेल्याने ठाणं गेलं की उठायचं आणि उभ्या असलेल्याला बसू द्यायचं. मात्र तो उभा असलेला ग्रुपातला हवा. मी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून उभा असायचो, तरी माझ्या डोक्यावरून हाक जायची, "ओ मंत्रालय, या, बसा."

मग एके दिवशी, पाऊस मी म्हणत होता, गाडी दिव्याजवळ अडकलेली, आणि त्यांच्यातले माळकरी बुवा, जे शनिवारी डब्यात टाळ घेऊन भजन लावायचे, ते म्हणाले, "अहो, हा रोजचाच आहे की. सरका जरा." तिघांच्या बाकावर चौथा म्हणून मी टेकलो. अर्धा बाकावर, अर्धा हवेत. लोकलने जाणाऱ्या माझ्या श्रोत्यांना त्या टेकण्यातलं सुख वेगळं सांगायला नको.

गंमत अशी की बुवा बोलेपर्यंत त्या दहांपैकी एकालाही मला बसवावंसं वाटलं नसेल, असं मला आजही वाटत नाही. दोघेतिघे तर नंतर म्हणालेच, "आम्हाला वाटायचं हो, पण कोणी काही बोलत नव्हतं." सॉलोमन अॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1951 साली अमेरिकेत याच्याशी नातं सांगणारा एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना रेघा दाखवायच्या आणि विचारायचं, यातली कुठली त्या रेघेएवढी? लहान मुलालाही जमेल असा प्रश्न. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले, ते एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. शेवटाकडे पाळी येणाऱ्या त्या बिचाऱ्याने, डोळ्यांना धडधडीत दिसत असताना, तेच चुकीचं उत्तर द्यावं? दिलं. तीन चतुर्थांश लोकांनी एकदा तरी दिलं. पण त्या कंपूत एक जरी माणूस खरं बोलणारा ठेवला, की अशा चुका पाव हिश्श्यावर यायच्या. अॅशच्या खोलीतला तो एक माणूस म्हणजे आमचे बुवा.

डब्यात मला नवं नाव मिळालं: गोदी. "ए गोदी, पान टाक." तिथे कोणालाच खऱ्या नावाने हाक मारत नसत. मंत्रालय होता, एलआयसी होता, एक शाळा होता. दसऱ्याला डब्याला झेंडूचं तोरण लागायचं, आरती व्हायची, त्या दिवशी वर्गणी काढणारा, घसा फोडून आरती म्हणणारा गोदी घरच्यांनी पाहिला असता तर ओळखला नसता. घरी मी अबोल अण्णा. ऑफिसात खालमानेने टिपणं लिहिणारा. आणि गावी?

गावचं सांगायलाच हवं. माझं गाव मालवणजवळचं. मुंबईत मला कोणी चाकरमानी म्हटल्याचं आठवत नाही, इथे आम्ही नुसते कोकणातले. पण गणपतीला एसटीतून उतरलो की पहिली हाक, "काय चाकरमान्या, बरो आसंस मां?" आणि तोंडातून मालवणी अशी बाहेर पडते की जणू मधले अकरा महिने ती कुठे खुंटीवर टांगून ठेवली होती. भाषा बदलली की चालही बदलते, खोटं नाही सांगत. गोदीतला कारकून तिथे घरावर नवे कौल घालणारा, देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे देणारा कर्ता पुरुष होतो. तसं वागावंच लागतं. सगळे तेच धरून चाललेले असतात.

वडील गिरणीत होते. लग्नाआधी ते लालबागला गावकीच्या खोलीत राहिले. एका गावच्या पंचवीस-तीस माणसांत एक खोली, भिंतीलगत ट्रंका एकावर एक, आणि पाळीप्रमाणे झोप. रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याची पथारी रिकामी. जेवण खानावळवालीकडे. गावच्या मंडळाची वर्गणी, गावचं भजन, गावचा दशावतार दामोदर हॉलला. माणूस गाव सोडून तीनशे मैल आला आणि गाव पंधरा बाय दहाच्या खोलीत त्याच्या आधीच येऊन बसलेलं. 1982 च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. ते इतके महिने तग धरून राहिले ते पगाराविना, पण एकट्याने नव्हे. कितीतरी जण गावी गेले, भात लावलं, आणि गावकीने त्यांना जेवू घातलं. पुष्कळांना परत यायला गिरणीच उरली नाही. वडिलांना शेवटपर्यंत कोणी विचारलं, काय करता, तर म्हणायचे, "मी साच्यावर." साचा, म्हणजे गिरणीतला माग, भंगारात जाऊनही वर्तमानकाळातच.

लग्नानंतरची त्यांची चाळ मी पाहिलेली आहे, तिथेच वाढलो. चाळीत दार दिवसभर उघडं. दुपारी कोणी दार लावलं तर शेजारची काकू येऊन विचारायची, "काय गं, बरं नाही का कुणाला?" पुढे पुनर्विकास झाला आणि तीच माणसं बाविसाव्या मजल्यापर्यंत पसरली. तेच शेजारी, त्याच काकू. महिनाभरात सगळ्यांची दारं बंद, वर सेफ्टी डोअर. माणसं बिघडली असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. गॅलरी गेली. गॅलरीबरोबर ती विचारपूसही गेली, इतकंच.

दारावरून आठवलं. परळच्या बी.आय.टी. चाळीत ज्यांनी पुढे बरीच वर्षं काढली, त्या डॉ. आंबेडकरांनी 1916 साली, कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, जातींच्या उगमावर एक निबंध वाचला होता. वय पंचवीस. त्यात त्यांनी दाखवलं की आधी एका वर्गाने बेटीव्यवहाराचं दार आतून लावून घेतलं. ते प्रतिष्ठेचं म्हणून काहींनी त्याचं अनुकरण केलं, आणि उरलेल्यांवर दारं बाहेरून बंद झाली. जात एकवचनी असूच शकत नाही, असं ते म्हणतात. लोकलची सीट आणि जात यांना मी एका तागडीत घालत नाही. सीट घाटकोपरला मिळते, जात मेल्यावरही स्मशान विचारते. पण दार लावण्याची खोड शिकायला किती कमी कारण पुरतं, ते इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांनी एका प्रयोगात दाखवून दिलं.

तो प्रयोग करणारा मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल हा पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडला. आपण पोलंडचे हे लपवून तो फ्रेंच म्हणून कैदेत राहिला, म्हणून जगला. घरचे बहुतेक सगळे मारले गेले. अशा माणसाने 1970 च्या सुमारास चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं, तू क्लेवाला, तू कांडिन्स्कीवाला. वाटणी खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. मग त्यांना इतरांना पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, यात नवल नाही. पण आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, समोरच्याला त्याहून कमी मिळालं पाहिजे, अशीही वाटणी पोरं करत होती.

बुवा 1996 साली निवृत्त झाले. डब्यातच शाल-श्रीफळ दिलं, पेढे वाटले. त्यांच्यानंतर कुठेतरी कधीतरी, मला तारीख सांगता येणार नाही, मी बाकाच्या आतल्या टोकाला पोहोचलो. आणि एका पावसाळी सकाळी एक नवा मुलगा, पाठीला सॅक, तीन आठवडे माझ्या गुडघ्याला गुडघा लावून उभा असलेला, ठाणं गेल्यावर हळूच म्हणाला, "काका, जरा सरकता का?" मी पत्त्यांवरून नजर न काढता म्हणालो, "पुढे जा, तिकडे जागा असेल." हे मी बोललो. माझ्या आवाजात, ग्रुपच्या वतीने. कोणीच काही बोललं नाही.

आता मी अकराच्या गाडीने जातो, दवाखान्याला वगैरे. परवा अख्खा बाक रिकामा होता. मी बसलो, पेपर उघडला. दिव्याला एक मुलगी चढली, बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, पडाल. आत सरकून बसा ना."

मी खाली पाहिलं. अर्धा बाकावर होतो, अर्धा हवेत.