यादीत नसलेला माल

नमस्कार मंडळी. आज आपण दहा बाय वीसच्या किराणा दुकानाबद्दल बोलणार आहोत. रस्त्याला दहा फुटांचं शटर, आत वीस फूट लांबी. शटरलगतचं आडवं काउंटर काढून गिऱ्हाइकाला आत घ्यायचं तुम्ही ठरवलंय आणि रॅकवाल्याला फोन करणार आहात. तो फोन महिनाभर थांबवा, एवढी माझी पहिली विनंती आहे.

या महिन्यात गिऱ्हाइकं वाणसामानाच्या ज्या याद्या आणतील, व्हॉट्सअॅपवर पाठवतील, त्या जपून ठेवा आणि त्याच गिऱ्हाइकाच्या बिलाशी ताडून बघा. साखर, तूरडाळ, तेल, मीठ, चहा पावडर, कपड्यांचा साबण जवळजवळ प्रत्येक यादीत सापडेल. आता बिलात आहेत पण यादीत नव्हत्या अशा वस्तू खूण करून काढा. खजूर, लोणचं, पापड, मखाणे, घासणी, टूथब्रश, नव्या चवीची बिस्किटं. या वस्तू दिसल्या म्हणून घेतल्या गेल्या. दिसल्या नसत्या तर विकल्या गेल्या नसत्या. दुकानाची सगळी मांडणी या दोन गटांवर उभी करायची. यादीतला माल गिऱ्हाईक शोधत येतं, वाकूनही घेतं, आतपर्यंत चालतही जातं. म्हणून तो खाली आणि मागे. नजरेसमोरची जागा यादीत नसलेल्या मालाची. बहुतेक दुकानांत हे नेमकं उलटं दिसतं: खपतो जास्त म्हणून साखरेचा ढीग समोर, आणि मखाणे सहा फूट उंचावर.

आता टेप घ्या. गाळा दहा फुटी असला तरी भिंतींमधलं अंतर आतून मोजा, प्लास्टर धरून ते बऱ्याचदा साडेनऊच भरतं. दोन्ही भिंतींना सव्वा फूट खोलीचे रॅक लावले की सात फूट उरतात. मधोमध दोन्ही बाजूंनी माल लावायचा अडीच फुटी रॅक टाकला, तर दोन्हीकडे सव्वादोन फुटांची वाट राहते. हातात पिशवी घेतलेल्या दोन बायका त्यातून एकमेकींना ओलांडून जाऊ शकत नाहीत. मागची थांबते, कंटाळते आणि हवं तेवढंच मागून निघून जाते. तेव्हा या रुंदीत मधला रॅक नको. जागा मोकळी दिसते म्हणून हात शिवशिवतात, खोकी येऊन पडतात. तिथे मन घट्ट ठेवा.

काउंटर शटरजवळ, एका भिंतीला. त्याच्यामागचा रॅक एक फुटाचा, उभं राहायला अडीच फूट, काउंटर दीड फुटाचं, समोरच्या भिंतीचा रॅक सव्वा फूट. बेरीज सव्वासहा, म्हणजे गिऱ्हाइकाला सव्वातीन फूट मिळतात. दोन फुटी काउंटर हौसेनं केलंत तर तीच वाट पावणेतीनवर येते. फक्त दूध-ब्रेड घ्यायला आलेल्याला दारातूनच मोकळं करता येतं आणि गल्ल्यावर बसून शेवटच्या भिंतीपर्यंत नजर जाते. वजनकाट्याचा आकडा गिऱ्हाइकाला दिसलाच पाहिजे. काउंटरवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा टांगू नका. त्या तुमचा चेहरा झाकतात आणि मागचा अख्खा रॅकही. माळा बाजूच्या भिंतीवर खिळ्यांच्या पट्टीला लावा.

शटरपासूनचे पहिले तीन-चार फूट माल मांडायला वाया जातात. उन्हातून आलेल्या माणसाचे डोळे अजून सरावलेले नसतात, तो आत बघत चालत असतो. नवी वस्तू तिथे ठेवू नका. फ्रिज मागच्या भिंतीला ठेवा, पाठीशी सहा इंच जागा सोडून. दारात उन्हात ठेवला तर कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही आणि वीजबिल वाढतं.

रॅक सात फुटी, पाच खणांचा. जमिनीपासून चार ते पाच फुटांवरचा खण यादीत नसलेल्या मालाचा. त्याखाली बिस्किटं, मसाले, चहा. तळाला पीठ, साखर, तेलाचे डबे. सहा फुटांच्या वर पेपर नॅपकिनसारखा हलका माल; काचेची बाटली किंवा तेल तिथे कधीच नको. मुलांच्या हाताशी, दोन-अडीच फुटांवर, चॉकलेटं लावायचा सल्ला खूप जण देतात. मला तो पटत नाही. मूल हट्ट करतं, आई ओशाळते आणि पुढच्या वेळी फोनवर यादी देऊन घरीच थांबते.

एका वस्तूच्या किती ओळी लावायच्या हेही मोजून ठरतं. एखाद्या बिस्किटाचे आठवड्याला 30 पुडे जातात, एजन्सीचा माणूस आठवड्यातून एकदा येतो आणि फळीच्या खोलीत सहा पुडे एकामागे एक मावतात. म्हणजे पाच ओळी, आणि त्याचा एखादा दिवस चुकला तर म्हणून सहावी. आठवड्याला चारच पुडे जाणाऱ्या मालाला हिशेबानं एक ओळ पुरते, पण एकटी ओळ डोळ्याला दिसत नाही. तिथे मागे रिकामं खोकं ठेवा आणि पुढे दोन ओळी, तीन-तीन पुड्यांच्या. नवा माल नेहमी मागे, जुना पुढे ओढायचा. कंपनीचा माणूस ‘मी लावून देतो’ म्हणाला तर शेजारी उभे राहा, नाहीतर नवा माल पुढे लागतो आणि जुन्याची तारीख मागे उलटते.

तोच माणूस डिस्प्लेचे, म्हणजे त्याच्या कंपनीचा माल समोर मांडायचे, पैसेही देऊ करतो. समजा दोन्ही भिंती मिळून 36 फूट रॅक आहेत. पाच खणांचे 180 फूट फळी झाली. भाडं आणि वीज मिळून महिन्याला 18,000 रुपये असतील, तर एक फूट 100 रुपयांना पडला. तीन फुटांसाठी 200 रुपये मिळत असतील तर पदरचे 100 जातात, आणि तेही नजरेसमोरच्या फळीवर.

उजेडाचं बघू. 200 चौरस फुटांना साधारण नऊ-साडेनऊ हजार ल्युमेन लागतात. 20 वॉटची एलईडी ट्यूब सुमारे दोन हजार देते. धूळ आणि झिजणं धरून सहा ट्यूब. त्या खोलीच्या मधोमध लावल्या तर गिऱ्हाइकाचीच सावली मालावर पडते. रॅकच्या तोंडापासून दोन फूट पुढे, रॅकला समांतर लावा. 6500 केल्विनच्या निळसर उजेडात तूरडाळ फिकट दिसते आणि गूळ राखी. 4000ची मागून घ्या.

साबण, उदबत्ती आणि डांबरगोळ्या चहा-पिठापासून लांब, शक्यतो समोरच्या भिंतीवर. चहा वास फार लवकर धरतो. पावसाळ्यात पोती जमिनीपासून सहा इंच वर लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब.

सणांसाठी मागच्या बाजूला, फ्रिजच्या वाटेवर, दोन फुटांचं एकच टेबल ठेवा. संक्रांतीला तीळ आणि शेजारी चिक्कीचा गूळ. आषाढीला साबुदाणा, भगर, राजगिऱ्याचं पीठ, शेंगदाणे. हे मसाल्यांच्या खणाजवळ नको, उपास करणारी माणसं ते बघतात. दिवाळीला पंधरा दिवस आधी भाजके पोहे, बेसन, मैदा, पिठीसाखर, चिवडा मसाला, आणि कडेला उटणं-पणत्या. हे टेबल भाऊबीजेच्या रात्रीच रिकामं करायचं. उरलेला मैदा आणि बेसन आपापल्या खणात जुन्या मालाच्या जागी पुढे येतील, उटणं खोक्यात जाईल, आणि खोक्यावर किती नग उरले तो आकडा लिहून ठेवायचा, पुढच्या वर्षीच्या मागणीसाठी.